पंच्याण्णव टक्के आणि वरचे पाच

फ्रिजवर लावलेला कागद मी वाचायलाच नको होता. पण फ्रिज माझा, त्यावरचं चुंबक माझं आणि कागदावर नाव माझ्या लेकीचं. न वाचून कसं चालेल?

आमचे हे हवामान कार्यालयात आहेत. तिथं नक्की असं काही नसतंच, सगळा कारभार टक्क्यांत. जेवायला घरी येणार का विचारलं तरी ‘बहुधा’ म्हणतात. लेकीला पूल बांधायला शिकायचंय, अगदी लहानपणापासून. त्यासाठी आमच्या राज्यात नाव घेण्यासारखी तीन सरकारी विद्यापीठं आहेत. राज्यातल्या मुलांना तिथं निम्म्याहून जास्त जागा, पण अर्ज इतके येतात की भल्याभल्यांना परत पाठवतात. घरात आम्ही त्यांना टेकडीवरचं, नदीकाठचं आणि जुनं असं म्हणतो. लेकीच्या शाळेतल्या कोणत्या मुलांना किती गुणांवर कुठं घेतलं, हे यांनी पाच वर्षांचं शोधून काढलं आणि तिला जागा मिळण्याच्या शक्यतेचा तक्ता केला. टेकडीवरचं वीस टक्के, नदीकाठचं पस्तीस, जुनं चाळीस. खाली एक रेघ.

रेघ दिसल्यावर माणूस काय करणार? मी बेरीज केली.

पंच्याण्णव!

मी तिथंच स्टुलावर बसले. आजवर देवाकडे मागायचं ते मी सगळंच्या सगळं मागत आले होते. यांची बढती, लेकीच्या कांजिण्या, वरच्या मजल्यावरचा गळका नळ. या खेपेला पहिल्यांदाच फक्त पाच टक्के मागायचे होते. एवढं तर तो जाता जाता देईल! मी पाच टक्क्यांना शोभेलसा नेम धरला : निकाल येईपर्यंत चहात साखर नाही. (आधी दुपारची झोप सोडणार होते, पण तो सहज पंधरा टक्क्यांचा नेम झाला असता. देवालाही उगाच कानकोंडं का करा?)

मंगळवारी दुपारी फोन आला. घराजवळच्या लहानशा कॉलेजात लेकीला आधीच जागा मिळाली होती. कुठंच नाही झालं तर असू दे, म्हणून धरून ठेवलेली.

“शुक्रवारपर्यंत जागा पक्की करायची आहे,” तिथल्या प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. “मुलगी येणार ना?”

मी सहज विचारलं, “तुमच्या यादीत अजून कोणी थांबलंय का हो?”

“थांबलेत ना. पुढचीच मुलगी रोज फोन करते बिचारी.”

आमच्याकडे पंच्याण्णव, वर देवाचे पाच, आणि तिकडे कोणाची तरी लेक रोज फोन करतेय!

“तिला देऊन टाका,” मी म्हणाले. “आमचं झालंय.”

“नक्की? अर्जावर पालक म्हणून तुमचंच नाव आहे, तशी नोंद करते मग.”

“शंभर टक्के करा.”

संध्याकाळी जेवताना मी हे सांगितलं. कौतुक होईल म्हणून आमटी वाढायची थांबले होते.

“आई! काय केलंस तू हे?” लेक ओरडली.

यांनी चमचा खाली ठेवला. “अगं, शंभर टक्के आणलेस कुठून?”

“पंच्याण्णव तुमच्याच कागदावरून. पाच माझे.”

“ते आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात!”

“मग खाली रेघ कशाला मारलीत?”

“तक्ता संपला म्हणून मारली!”

“आमच्या शाळेत रेघ मारली की बेरीज करायचे.”

“अजून दोन ठिकाणी अर्ज केला असता तर दीडशे टक्के झाले असते तुझे. मग काय, दीड मुलगी जाणार होती?”

मी आमटी वाढायला घेतली.

यांनी पेन्सिल घेतली, काहीतरी गुणाकार केले आणि म्हणाले, तिन्हींपैकी एकाचा तरी होकार येण्याची शक्यता एकोणसत्तर टक्के. उरलेल्या एकतीस टक्क्यांत पोरगी घरी बसणार होती, माझ्यामुळे. लेक उठली, खोलीत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची खिडकी उघडायच्या आधी मी तिथं हजर. बाईंनी मला आवाजावरून ओळखलं. “तुम्ही कालच्या ना? अहो, ती मुलगी तासाभरात आली कागद घेऊन. इथं उभी राहून रडली आनंदानं!” मला त्या मुलीसाठी खरंच बरं वाटलं. फक्त घरी जायला पाय उचलेना.

मग मी एकतीस टक्के भरून काढायला घेतले. दुपारची झोप सोडली. संध्याकाळची मालिका सोडली. सोफ्यावर बसणं सोडलं. जावेबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही असं ठरवलं. (हा एकटाच दहा टक्क्यांचा.)

टेकडीवरच्यांनी नकार कळवला. आठवड्यानं नदीकाठच्यांनीही नाही म्हटलं, तेही ‘खेदपूर्वक’. यांनी फ्रिजवरचा कागद काढून टाकला. जुन्याचं उत्तर आलं तेव्हा ते होही नव्हतं आणि नाहीही नव्हतं : प्रतीक्षा यादी. इच्छुकांनी स्वतःविषयी एक पान लिहून पाठवावं.

“या यादीतून किती जणांना घेतात?” मी विचारलं.

“ते सांगता येत नाही तसं.”

“सांगा हो. मी बेरीज नाही करणार.”

“दहांत एकाला.”

आता नव्वद टक्क्यांसाठी सोडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मग मी देवाला नुसतंच सांगितलं, चूक माझी आहे, शिक्षाही मलाच कर. पोरीला तिचा पूल बांधू दे.

लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पान लिहायला बसली. लिहिता लिहिता मध्येच फिसकन हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“काय लिहितेस गं?”

“खरं ते.”

“माझ्याबद्दल नाही ना काही?”

“आई, तुझा चहा निवतोय.”

तीन आठवड्यांनी लिफाफा आला. लेकीनं दारातच फोडला आणि मला अशी मिठी मारली की मला आधी कळेचना, झालं की राहिलं. झालं होतं! हे चष्मा पुसत “दहा टक्के... दहा टक्के...” असं पुटपुटत फेऱ्या मारत होते. माझा आनंद घरात मावेना. मी जिन्यात जाऊन, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पत्र वाचायला लागले. लोक दारं उघडून बाहेर आले. छापील मजकूर संपला, तर खाली प्रवेशप्रमुखांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिलेल्या. मी त्याही त्याच आवाजात वाचल्या :

‘तुमचं पान आमच्या कार्यालयात सगळ्यांनी वाचलं, काहींनी दोनदा. आईंना आमचा नमस्कार. त्यांच्यामुळे एका मुलीला जागा मिळाली, याचा आनंद झाला. तुम्हाला पूल बांधायचे आहेत, म्हणून एकच शंका. तुम्हाला गणित घरी आईंनी शिकवलेलं नाही ना, एवढं पालकांच्या सहीनिशी कळवावं.’

यांनी त्याच दुपारी कळवलं. रजिस्टर्ड पोस्टानं.