आहेरकाकांची नाडीपरीक्षा

आहेरकाका कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर माणूस आला की ते म्हणतात, "जीभ."

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत आता याचं कुणाला काही वाटत नाही. सकाळी जिन्यात दोन माणसं समोरासमोर येतात, एक जीभ बाहेर काढतो, दुसरा चष्मा कपाळावर सरकवून ती निरखतो आणि मग दोघं आपापल्या कामाला जातात. नव्या माणसाची मात्र तारांबळ उडते. एकदा कुरियरवाल्याने सही मागितली, तर काका म्हणाले, "देतो की. आधी जीभ." त्या बिचाऱ्याला वाटलं, पार्सल द्यायची ही नवी पद्धत असेल. त्याने मुकाट्याने जीभ काढली. "पांढरा थर आहे. रात्री दही खाल्लंस," असं बजावून काकांनी सही केली. तो खरोखरच दही खाऊन आला होता. आता आमच्या इमारतीत कुणाचंही पार्सल असो, तो आधी काकांना जीभ दाखवून येतो.

काकांची सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात झाली. तयार होऊन आलेला भाग मापात घालून बघायचा. बसला तर ओके, नाही बसला तर बाजूला. ते निवृत्त झाले तेव्हा मापं कंपनीत राहिली, पण ती नजर घरी आली. त्याच सुमारास सुशीलाकाकू गेल्या. मुलगा पुण्याला. घरात तपासायला कुणीच उरलं नाही. मग काका एका मंगल कार्यालयात भरलेल्या आयुर्वेद शिबिराला गेले, आणि परत आले ते वात, पित्त, कफ असं नवं तपासणी खातं घेऊनच.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत प्रकृती नसलेली एकही वस्तू उरलेली नाही. सेक्रेटरी पित्ताचे, म्हणून त्यांच्याशी भर दुपारी बोलायचं नाही. वॉचमन कफाचा, म्हणून तो खुर्चीत झोपला तर दोष त्याचा नाही, कफाचा. लिफ्ट वाताची. ती कुरकुरते, थरथरते आणि मनाला येईल तिथे अडकते. तिला तेलाची गरज आहे हे काकांनी मेकॅनिकच्याही आधी ओळखलं होतं. त्यांनी तिळाचं सुचवलं, एवढंच.

"माणसाची प्रकृती आईच्या पोटात ठरते, मॅडम," ते मला सांगतात. मी शाळेत शिकवते म्हणून मी मॅडम. "ड्रॉइंग बदलता येत नाही. आपण फक्त रिवर्क करायचं."

तत्त्वापुढे काका कुणाची गय करत नाहीत. अपवाद एकच, कांद्याचा. चांदवडला त्यांचे धाकटे भाऊ कांदा करतात आणि दर हंगामात एक गोणी काकांच्या दारात आणून टाकतात. आता कांदा पडला तामसी. काकांची फार ओढाताण झाली. शेवटी त्यांनी असा निवाडा दिला की कांदा तामसी आहे, पण चांदवडचा त्यातल्या त्यात कमी. मग ती गोणी ते घरोघर वाटतात आणि देताना तंबी देतात, "दुपारीच खा. रात्री खाल्ला आणि मन चळलं, तर माझ्याकडे यायचं नाही." त्या रात्री सगळ्या इमारतीत कांदाभज्यांचा वास सुटतो आणि काका खिडक्या लावून घेतात.

पुण्याच्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला की तो "हॅलो आजोबा" म्हणत नाही. फोन लागताच पडदाभर जीभ दिसते. काका ती नीट बघतात, "ओके" म्हणतात, आणि नातू खेळायला पळतो. कॉल संपतो. काका मात्र बराच वेळ फोन हातात धरून बसतात. मी एक-दोनदा साखर मागायला गेले तेव्हा पाहिलंय.

हे सगळं मी लांबून हसत बघत होते, तोवर आई माझ्याकडे राहायला आली.

बाबा गेल्यावर निफाडजवळच्या आमच्या खेड्यातलं घर बंद करून मी तिला नाशिकला आणलं. आयुष्यभर तिचं तोंड कधी बंद नव्हतं. शेजारणीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, चुलीशीही बोलायची. इथे आली आणि गप्प झाली. गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायची. ताटात वाढलेलं तसंच ठेवायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं व्यवस्थित निघालं. रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "वेळ लागेल." पण दिवसेंदिवस तिच्या अंगावरचं लुगडं सैल होत होतं. आई अशीच विझून जाणार, या भीतीने माझं शाळेत लक्ष लागेना.

काकांना हे कळणारच होतं. एका सकाळी ते दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "आक्का, जीभ."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"वात आहे, दुसरं काही नाही," काका मला म्हणाले. "मनातला वात. हा औषधाला दाद देत नाही. रोज नाडी बघावी लागेल. आणि मॅडम, डॉक्टरची गोळी बंद करायची नाही. तो त्याचं बघेल, मी माझं बघतो."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी येऊ लागले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आईच्या शेजारी खुर्ची ओढायची, "बायकांचा डावा हात," असं पुटपुटून तिचं मनगट धरायचं, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचं. त्या वेळात आमच्या घरात मिक्सर लावायची सोय नव्हती. मग डोळे उघडून ते निकाल सांगायचे, "कालच्यापेक्षा एक सूत कमी." लोखंडासारखा वात सुतात मोजणारे वैद्य बहुधा तेच एकटे असतील. त्यानंतर चौकशी. काल काय खाल्लं? पचलं का? आई उत्तर द्यायची नाही, पण हातही काढून घ्यायची नाही.

मग काकांनी हुलग्याचं कढण सांगितलं. वातावर उत्तम म्हणे. माझ्यावर त्यांचा विश्वास नसावा, कारण ते स्वतःच करून स्टीलच्या डब्यातून घेऊन आले. मी आईला चमच्याने भरवलं. तिने तोंड वाकडं केलं. घोट गिळला, डब्यात वाकून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "ह्याला कढण म्हणत्यात व्हय?"

मी आणि काका एकमेकांकडे बघत राहिलो.

"हुलगं भाजलंच नाय. लसूण नाय. मीठ तरी टाकलंय का? गुरं बी तोंड लावायची नाय असल्याला!"

"लसूण राजसी असतो, आक्का," काका दबकत म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या राजाला! उठा, दाखवते."

आणि आई उठली. आल्यापासून पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात शिरली. डबे उघडून, माझ्या नावाने बोटं मोडून तिने मला हुलग्याचं पीठ आणायला पिटाळलं आणि संध्याकाळी शेंगोळे केले. लसणाची खमंग फोडणी घातलेले. काकांना बोलावून वाढले. काकांनी लसणाबद्दल चकार शब्द काढला नाही. दोनदा मागून घेतले आणि रस्सा बोटांनी पुसून खाल्ला. आईही त्यांच्यासोबत जेवली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं.

त्यानंतर आईची गाडी रुळावर आली. सकाळी ती काकांची वाट बघू लागली. नाडी बघून झाली की दोघांची जुंपायची. आई म्हणायची भाकरी, काका म्हणायचे मुगाची खिचडी. आई म्हणायची, "तुमच्या पुस्तकात काय बी लिव्हलं असंल." काका म्हणायचे, "पुस्तक नाही आक्का, शास्त्र आहे." मला वाटलं, चला, या नाडीत काहीतरी आहे खरं. शिक्षकांच्या खोलीतही मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

आणि नेमकं शाळेतच माझं विमान खाली आलं. आम्हा शिक्षकांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी नाडी कशी बघायची ते दाखवलं. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर. मी शेजारी बसलेल्या शिक्षिकेची नाडी लगेच धरली, छान टकटक लागली. पण मनात काहीतरी खटकलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चहा घेऊन गॅलरीत उभी राहिले. काका डोळे मिटून बसले होते. त्यांची बोटं आईच्या मनगटावर होती, पण अंगठ्याच्या बाजूला नव्हती. करंगळीच्या बाजूला होती. इतके दिवस हा माणूस तिथे हात धरून 'एक सूत कमी' सांगत होता! शिबिरात मागच्या रांगेत बसले असतील आणि लांबून उलटं दिसलं असेल. माझा पारा चढला. काका गेल्यावर मी आईकडे तणतणत गेले.

"आई, ते चुकीच्या बाजूला धरतात! तिथे नाडी धड लागतच नाही."

आई लसूण सोलत होती. "म्हाईत हाय मला."

"माहितीय? कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. तुझ्या बाबांची नाडी किती वेळा पाह्यली मी. दवाखान्यातल्या नर्सबाईनं शिकवलं हुतं." हातातली पाकळी तिने खाली ठेवली. "शेवटी बी मीच धरून बसले हुते."

मग पुढची पाकळी उचलत ती म्हणाली, "आहेरभाऊला माझी नाय लागत. पण तो हात धरतो ना, तेव्हा माझी बोटं त्याच्या मनगटाखाली येत्यात. मला त्याची लागती. सकाळी आला की लय पळत असती बघ. घरात कुणी बोलायला नाय, रातभर एकलाच. इथं बसला की हळूहळू जाग्यावर येती. ती जाग्यावर आली की मंग मी हात हलवते. तवा तो डोळे उघडतो."

म्हणजे इतके दिवस आमच्या गॅलरीत रोज नाडीपरीक्षा होत होती, फक्त वैद्य कोण हे मला कळलं नव्हतं.

काकांना मी काही बोलले नाही. पण हाडाचा तपासनीस तो, खोटा शिक्का मारणार नाही. परवा सकाळी त्यांनी नेहमीसारखं मनगट धरलं, डोळे उघडले आणि उभे राहिले. शर्टाची बाही सारखी केली.

"आक्का, ओके," ते म्हणाले. "वात जागेवर आला. आता उद्यापासून माझी गरज नाही."

हे सांगताना त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते दाराकडे गेले नाहीत. चपलांकडे बघत तसेच उभे राहिले. "काका, चहाला तर या रोज," असं मी म्हणणार होते, पण ते आले नसते. बिनकामाचं कुणाच्या घरी जाणं त्यांना जमत नाही.

आई खुर्चीत सावरून बसली. सकाळीच तिने दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा आणि चांदवडचा अख्खा कांदा फस्त केला होता.

"आहेरभाऊ," ती म्हणाली, "रातीपासून पोट लय जड हाय. काय गोड लागंना."

काका गर्रकन वळले. चष्मा कपाळावर गेला.

"मी म्हटलंच होतं! असा एका झटक्यात जातो होय वात?" त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "जीभ!"

आणि माझ्या आईने, जिने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं, लहान पोरीसारखी लांबलचक जीभ बाहेर काढली.