झिओलाइटच्या पुरचुंड्या

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी रत्नमालानं कपाट उघडलं आणि नाकाला पदर लावला. महालक्ष्म्यांना नेसवायच्या दोन्ही साड्यांना मासळीचा वास येत होता.

"तुमी काय ठेवलं होतं इथं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

विजयकुमार भिलईच्या पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. भिलई तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आणि पावसाळ्यात सेक्टरमधली क्वार्टर्स कुबट होत. डांबरगोळ्यांनी आईचं डोकं दुखे, म्हणून त्यानं झिओलाइटच्या पुरचुंड्या कपाटात ठेवल्या होत्या.

"हे स्फटिक आतून मधाच्या पोळ्यासारखे असतात," तो समजावू लागला. "त्या भोकांमधी मी अमाइनचे गट जोडले. आंबूस वास ते धरून ठेवतात."

"अन् मासोळीचा?"

"तो अमाइनचाच आहे. जे जोडल्या गेलं नाही, ते धुवाचं राहिलं. आता दमटपणात सुटून राहिलं."

सणासाठी भंडाऱ्याहून आलेल्या सिंधुताईंना, त्याच्या आईला, हे ऐकवत नव्हतं. "महालक्ष्म्यांले अशी साडी नेसवतं का रे?" एवढंच त्या म्हणाल्या.

अमाइनला आंबटाचा उतारा. विजयकुमारनं सिविक सेंटरच्या बाजारातून लिंबं आणून त्यांच्या पाण्यात साड्या भिजवल्या आणि पुरचुंड्या हवेशीर म्हणून जिन्यात टांगल्या. तासाभरात तीन मजल्यांवर मासळी बाजार भरला. शेजाऱ्यांची दारं उघडू लागली. पायरीवर दोन मांजरी येऊन बसल्या.

मग कडी वाजली. समोरच्या बंगाली कुंडूभाभी झाकलेली वाटी घेऊन उभ्या होत्या.

"आपके यहाँ भी बनती है, मालूम नहीं था," त्या संकोचानं म्हणाल्या. "इतने साल हम खिड़की बंद करके मछली बनाते रहे. सोचा, आप लोगों को बुरा लगेगा."

विजयकुमार अमाइन समजावून सांगणार, तोच रत्नमालानं त्याचा हात दाबला. भाभींच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला मोडवेना. पण घरात सासूबाई होत्या.

सिंधुताई उठून दारात आल्या. वाटीवरचं झाकण उचलून त्यांनी आतला माशाचा रस्सा निरखून पाहिला.

"सरसों डाला क्या, बाई?"

"हाँ, माँजी."

"माह्या माहेरी तलाव होता," त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या. "तुह्या बाबानं माळ घातली, तवापासून मासोळी सुटली." मग वाटी झाकून भाभींच्या हातात परत दिली. "आज नहीं. महालक्ष्मी जाने दो, फिर लाना. और खिड़की बंद मत करो."

सकाळपर्यंत साड्यांचा वास गेला. सण थाटात झाला. महालक्ष्म्या उठल्या त्या संध्याकाळी विजयकुमार आईचं परतीचं तिकीट काढायला निघाला.

"आठ दिवसानंतरचं काढ," सिंधुताई म्हणाल्या. "भाभी उद्या मासोळीच्या डोक्याचा रस्सा करून राहिली."