गिरणीची खळ

"बाजारात मिळणारी वस्तू घरी होते, आणि बाजारापेक्षा चांगली होते!" असं शामरावांचं ठाम मत होतं. लालबागच्या त्यांच्या चाळीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस औषधाला सापडला नसता. बदामाची टरफलं जाळून त्यांनी दंतमंजन केलं, तेव्हा सगळं घर महिनाभर तोंडावर हात धरून हसत होतं. माक्याचं तेल केलं, तेव्हा कांताबाईंचे केस होते तेवढेच राहिले, उशी मात्र हिरवीगार झाली! देवदारी खोक्याचं एक कपाटही त्यांनी ठोकलं होतं. ते उघडलं की मिटत नसे आणि मिटलं की उघडत नसे. कांताबाई तिखटामिठाचे डबे कपाटाच्या वर ठेवायच्या.

पण अपयशाने खचेल तो शामराव कसला! आणि आता तर प्रत्यक्ष लेकीचं लग्न होतं.

लेक कौसल्या एकुलती एक. जावई गंगाधर डिलाईल रोडला राहणारा, ट्रामवर कंडक्टर, तोंडातून शब्द म्हणून न काढणारा. त्याची कसर त्याची आई सुभद्राबाई भरून काढायची. धम्मदीक्षेला अजून वर्ष व्हायचं होतं. नव्या विधीने लागणारं चाळीतलं हे पहिलंच लग्न, त्यामुळे आजूबाजूच्या चार चाळींचं लक्ष त्याच्याकडे लागलं होतं. हुंडा नको, मानपान नको, वधूला फक्त साधं पांढरं पातळ हवं, असं बैठकीत ठरलं.

"पातळ आमी आणतो," सुभद्राबाई म्हणाल्या. "वायलचं. चांगल्यातलं."

"छे, छे! पातळ माझं!" शामराव जागचे उठलेच. "माझी लेक माझ्या हातच्या पातळात बोहल्यावर... म्हणजे, विधीला उभी राहील. बघत राहाल, विहीणबाई!"

"बघू की," विहीणबाई म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी शामरावांची झोप उडाली.

खरं सांगायचं तर, हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता. पोरीला आजवर आपण मनासारखं काही दिलं नाही, ही गोष्ट शामरावांच्या मनाला लागून राहिली होती. जाताना तरी तिच्या अंगावर आपल्या हातचं असं काही असावं, की सासरच्यांनी बोटात धरून विचारावं, "कुठून आणलं?"

तर गिरणीच्या दारात त्यांनी पांढऱ्या मलमलीचा एक तागा धुंडाळून काढला. कापड चांगलं होतं, पण अगदी लुळं. हातात धरलं की आजारी माणसासारखं मान टाकायचं.

"पेजेची खळ द्या, झालं," कांताबाई म्हणाल्या. "सगळी देतात तशी."

"पेज आजाऱ्याला देतात, कांता! लग्नाच्या पातळाला नाय!" शामरावांनी बाह्या सरसावल्या. "वीस वर्षं सायजिंग खात्यात घालवली मी. मैलोगणती ताण्याला खळ पाजली. आज घरच्या पातळाला पेज लावू? लोक तोंडात शेण घालतील!"

"अवो, पण तिथं तुमी सुताला खळ देता. मागावर ठोके खायचे असतात त्याला. हितं पोरगी नेसणार हाय."

"खळ ती खळ!" शामराव म्हणाले आणि विषय संपला.

इथेच घोडं पेंड खात होतं. ताण्याला दिलेली खळ पुढे कापड विणून झाल्यावर धुऊन काढतात. पण ते काम दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या मजल्यावर. शामरावांनी उभ्या आयुष्यात तो जिना चढलेला नव्हता. आपली खळ मागावरून थेट बायकांच्या अंगावर जाते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

रविवारी चाळीच्या मागच्या अंगणात चूल पेटली. भाजून सोललेल्या चिंचोक्यांची पूड पातेल्यात रटरटू लागली. तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, शेजारचा रघुवीर, डबा घेऊन हजर!

"काका, पुढच्या सभेची पोस्टरं लावायची हायत. आमची डकवायची लई संपली. थोडी खळ द्या ना."

"घे की! संयुक्त महाराष्ट्राला नाय म्हणतो का मी?"

रघुवीरने तिथल्या तिथे भिंतीवर एक पोस्टर डकवून पाहिलं. मग ओढून पाहिलं. मग पाय भिंतीला लावून ओढून पाहिलं. "काका, मानलं तुमाला!" तो ओरडला. "भिंत पडेल, पण पोस्टर पडणार नाय!"

शामरावांची छाती फुगली. कांताबाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग पातेल्यात बुडत चाललेल्या पातळाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

पातळ गॅलरीच्या कठड्यावर वाळत पडलं. वैशाखाचं ऊन, दुपारपर्यंत ते असं ताठलं की वाऱ्याने हलेना. पोरं त्यावर ताशा वाजवून गेली. मग शामरावांनी ते पाटावर घेऊन सोड्याच्या बाटलीने घोट घोट घोटलं, आणि काय सांगू! असं लकाकायला लागलं की खालच्या मजल्यावरच्या बायका रेशीम समजून बघायला आल्या. गंगुबाई, जिने आजवर शामरावांच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं, ती बोट लावून म्हणाली, "बाई! खरंच घरी केलंत?" त्या एका वाक्यावर शामराव दोन दिवस जेवले नाहीत तरी चाललं असतं. त्या उमेदीत त्यांनी उरलेली खळ आपल्या सदऱ्याला दिली, टोपीला दिली आणि विधीला अंथरायच्या चादरीलाही दिली. वाया कशाला घालवायची?

लग्नाच्या सकाळी पातळ खोलीच्या कोपऱ्यात उभं होतं. हो, ठेवलेलं नव्हतं, उभंच होतं. कौसल्याला नेसवायला चौघीजणी लागल्या. निऱ्या घातल्या की फटकन उघडायच्या. पदर खांद्यावर टाकला, तर तो खांद्यावर न पडता वरच्या वर आडवा राहिला! शेवटी कांताबाईंनी पदर दाबून धरला, गंगुबाईने निऱ्यांवर गुडघा दिला, तेव्हा कुठे पोरगी तयार झाली.

"आबा," कौसल्या दारात येऊन म्हणाली, "मला बसता येत नाय."

"लग्नात कोण बसतं? उभं राहायचं असतं!" शामराव म्हणाले. त्यांना स्वतःलाच मान वळवता येत नव्हती, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

मांडव समितीचाच होता. संध्याकाळी सभा, सकाळी लग्न, अशी रघुवीरने सोय लावून दिली होती. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, मेणबत्त्या लागल्या. विधी लावायला राजाराम गुरुजी चादरीच्या एका टोकाला बसले. तेवढ्यात नवरी आली. दिसायच्या आधी ऐकू आली! खर्र, खर्र, खर्र! कुणीतरी पत्रा ओढत आणतंय म्हणून माणसं वाट सोडून उभी राहिली. पण नवरी दिसली आणि मांडव गप्प झाला. इतकी देखणी दिसत होती पोरगी!

सुभद्राबाई पुढे आल्या. पदर दोन बोटांत धरला. शामरावांनी श्वास रोखला.

"कुठून आणलं, व्याहीबुवा?"

शामरावांच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. "घरी केलं," ते एवढंच म्हणू शकले.

इथे लग्न संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण गुरुजी म्हणाले, "वधूवरांनी गुडघे टेकावेत."

गंगाधरने गुडघे टेकले. कौसल्या उभीच.

"वधूने गुडघे टेकावेत," गुरुजी जरा मोठ्याने म्हणाले. कौसल्या हलली. पातळ खर्र वाजलं. कौसल्या उभीच.

सुभद्राबाईंच्या भुवया वर गेल्या. "पोरगी वाकत नाय? पैल्याच दिवशी?"

बस्स! पुढच्या रांगेत "वाकत नाय" होतं, ते मधल्या रांगेत "वाकणार नाय म्हणते" झालं आणि मागच्या रांगेत पोचेपर्यंत "नवरीला नवरा पसंत नाय" झालं. मांडवाबाहेर रस्त्यावर ते काय झालं कोण जाणे, पण दोन हवालदार आत डोकावून गेले. गंगाधर गुडघ्यांवरूनच वर बघत होता. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"अवो आत्याबाई," कौसल्या सासूकडे बघत रडकुंडीला आली, "मी वाकते, पातळ वाकत नाय!"

कांताबाईंनी मग कुणाला विचारलं नाही. पाण्याचा तांब्या उचलला आणि लेकीच्या गुडघ्यांवर ओतला. पातळ कुरकुरलं, दमलं आणि एकदाचं नमलं. कौसल्याने गुडघे टेकले. तीन वेळा वंदन झालं, शीलं घेतली, हार घातले. सगळ्या मांडवाने सुटकेचा निःश्वास टाकला.

"आता उठावं," गुरुजी म्हणाले.

कौसल्या उठली. तिच्याबरोबर चादर उठली. चादरीबरोबर गुरुजी बसल्या जागेवरून हातभर सरकले आणि "अरे, अरे, अरे!" करत मांडवाच्या खांबाला बिलगले! ओली खळ आपल्या मूळ स्वभावावर गेली होती. चौघांनी चादर सोडवली. पण हे होईस्तोवर गंगाधरच्या आत्यांनी गुलाबदाणी घेऊन जो गुलाबपाण्याचा सडा घातला, त्याने नवरीचा पदर आणि शामरावांचा सदरा पार भिजून गेला. कोण कुणाला अडवणार?

मग पाठवणीची वेळ आली.

शामरावांनी ठरवलं होतं, रडायचं नाही. कौसल्या पाया पडायला वाकली. आता पातळ चांगलंच मऊ झालं होतं. शामरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांना एकदम आठवलं की उद्यापासून गिरणीतून आल्यावर "आबा, चहा ठेवू?" असं कुणी म्हणणार नाही. त्यांचा बांध फुटला. त्यांनी पोरीला उठवून छातीशी धरलं आणि भर मांडवात ते लहान मुलासारखे रडले. तीही त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वरून वैशाखाचं ऊन, मांडवात माणसांची गर्दी. बघणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना गेले.

बराच वेळ झाला.

"अवो, सोडा आता पोरीला," कांताबाई हलकेच म्हणाल्या. "त्यांची टॅक्सी उभी हाय."

"सोडलंय गं मी मघाशीच!" शामराव कुजबुजले.

"मग?"

"सुटत नाय!"

गंगुबाईने पदर ओढला, तर सदरा आला. रघुवीरने सदरा ओढला, तर शामराव आले, आणि त्यांच्याबरोबर नवरीही आली. "राहू द्या, काका," रघुवीर घाम पुसत म्हणाला. "मुंबई आणि महाराष्ट्र तोडायला निघालेल्यांना बोलावून आणायला पायजे हितं. बघा म्हणावं, चिकटलेलं कसं असतं ते!"

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. शामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पातळाने नाक वर करायचं, त्याच पातळाने पार नाक कापलं! "कात्री आणा," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "कापून टाका."

"खबरदार!" सुभद्राबाई कडाडल्या. हसून हसून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज करारी होता. "बापाने हाताने केलेलं पातळ हाय ते. त्याला कात्री लावू देणार नाय मी. आमच्या घरी गरम पाणी ढीगभर हाय. चला दोघंबी!"

अशा रीतीने शामराव लेकीबरोबर सासरी निघाले. टॅक्सीत पुढे गंगाधर, मागे सुभद्राबाई आणि त्यांच्या शेजारी बाप-लेक, एका अंगाने चिकटलेले. डिलाईल रोडच्या चाळीत गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. नवरी उतरली, तिच्याबरोबर तिरके तिरके शामराव उतरले.

"अगो सुभद्रे," वरून कुणीतरी ओरडलं, "नवरी दिसली. पण हा बाबा कोण?"

"हुंडा घेणार नाय म्हटलं," सुभद्राबाईंनी खालूनच उत्तर दिलं, "तर त्यांनी बाप दिला!"

गरम पाण्याच्या दोन बालद्या ओतल्यावर सदरा सुटला. पातळाला ओरखडासुद्धा आला नाही. सुभद्राबाईंनी ते स्वतःच्या हाताने पिळून दोरीवर टाकलं. शामरावांना गंगाधरचा सदरा घालायला दिला. पाटावर बसवून त्यांना चहा दिला, आणि तो चहा कौसल्यानेच केला, नव्या घरात, नव्या चुलीवर. परक्या ठिकाणी साखर कुठे, पूड कुठे, हे सासू तिला हळू आवाजात सांगत होती. शामराव चहा पीत पीत ते ऐकत राहिले.

दिवेलागणीला ते चालतच लालबागला परतले. मांडवात सभेसाठी माणसं जमू लागली होती. घरात कांताबाई अंधारातच बसल्या होत्या, दिवा लावलेला नव्हता. शामराव ओशाळवाणे दारात उभे राहिले. आता आपली चांगलीच खरडपट्टी निघणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"कशी हाय पोरगी?" कांताबाईंनी विचारलं.

"बरी हाय," शामराव म्हणाले. "खोली हवेशीर हाय. खिडकीतनं ट्राम दिसते. विहीणबाई तोंडाने फाटक्या, पण मनाने भल्या हायत. चहा दिला त्यांनी. पोरीनेच केला. मी सगळं डोळ्यांनी बघून आलो, कांता."

कांताबाईंनी उठून दिवा लावला. मग पदराने नाक पुसत म्हणाल्या,

"एवढी पातेलंभर खळ केली होतीत. मलाबी थोडी लावायची होती की!"