सावली समितीतील एक रिकामी जागा

सावली ही माणसाची मूलभूत गरज आहे, आणि इतकी महत्त्वाची गरज भागवण्याचं काम आजवर झाडांसारख्या कोणतंही प्रशिक्षण न घेतलेल्या घटकांवर सोडून देण्यात आलं होतं, ही खेदाची बाब आहे. झाड मनाला येईल तिथे उगवतं. त्याला नकाशा लागत नाही, उद्घाटन लागत नाही, आणि आपल्याखाली कुणी बसावं याबद्दल त्याचं काही धोरणही नसतं. असल्या ढिसाळ कारभारावर एखादी सुधारलेली शाळा किती दिवस काढणार?

या गोष्टीतल्या शाळेचं मैदान मोठं, सपाट आणि बोडकं होतं. ऑफिसच्या खिडकीजवळ एकच झाड. (कसलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जीवशास्त्राच्या बाईंना विचारलं तर त्या ‘हिरवं आहे’ एवढंच सांगून फळ्याकडे वळत.) मधल्या सुट्टीत सगळी शाळा डबे घेऊन त्या झाडाखाली कोंबलेली असे, आणि ज्यांना जागा मिळत नसे ती मुलं, जागा मिळालेल्या मुलांच्या सावलीत बसत. सकाळच्या रांगा मात्र मैदानाच्या मधोमध लागत. तिथे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, रोजच्या सूचना वाचून दाखवत. सूचना पुष्कळ असत. शेवटची सूचना नेहमी ‘मुलांनी विनाकारण उन्हात थांबू नये’ ही असे.

एके दिवशी ही शेवटची सूचना चालू असताना चौथीच्या रांगेतली एक मुलगी घेरी येऊन खाली बसली. यात नवीन काही नव्हतं. दर आठवड्याला एखाददुसरं मूल बसतच असे. कवायतीचे सर त्याला उचलून बाजूला ठेवत आणि रांग पुन्हा सरळ करून घेत. पण ही मुलगी चित्रकलेच्या सरांची बारकी होती, आणि आपली पोरगी खाली बसली की माणसाला एकदम सार्वजनिक प्रश्न दिसायला लागतात.

चित्रकलेचे सर अंगाने चांगले भरलेले, पण स्वभावाने पार मऊ. वर्गात मुलांनी दंगा केला तर ते स्वतःच बाहेर जाऊन उभे राहत. त्या दिवशी मात्र बारकीचं पांढरं पडलेलं तोंड बघून ते थेट ऑफिसात गेले.

“बाई, मैदानावर थोडी सावली करता आली तर...”

“वा!” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुम्हीच करा.”

“मी?”

“अहो, मडक्याच्या चित्रात तुम्ही किती सुरेख सावली काढता! तुमच्याइतका जाणकार आपल्याकडे दुसरा कोण आहे?”

ज्यानं अडचण सांगितली त्याच्याच गळ्यात ती बांधायची, ही कोणत्याही चांगल्या संस्थेची रीत असते. त्यामुळे अडचणी झपाट्याने कमी होतात, म्हणजे सांगण्यात तरी येत नाहीत.

अशा रीतीने सावली समिती स्थापन झाली. मोठ्या बाई अध्यक्ष, चित्रकलेचे सर कार्यवाह, कवायतीचे सर सदस्य. (मुलांना उन्हात उभं करण्याचा सर्वाधिक अनुभव त्यांनाच होता.) ग्रंथपाल बाईंना घेतलं, कारण त्यांना नाही घेतलं तर त्या रुसतात. पालकांच्या वतीने शेजारचा कॅफेवाला आला. त्याचा मुलगा नववीत होता आणि कॅफेच्या अंगणात त्याने मोठमोठ्या छत्र्या रोवल्या होत्या, म्हणून तो तज्ज्ञ ठरला. शाळेचं मैदान आणि कॅफेचं अंगण यांच्यामध्ये एक भिंत होती, तेवढीच.

पहिल्याच बैठकीत घोडं अडलं. ऑफिसात उकडत होतं. एवढ्या उकाड्यात सावलीवर शांतपणे विचार कसा करणार? म्हणून टेबल-खुर्च्या उचलून झाडाखाली नेल्या. तिथे वारा होता, गारवा होता, विचार भराभर सुचू लागले. फक्त मधल्या सुट्टीत मुलं डबे घेऊन आली आणि त्यांच्या चिवचिवाटात मुलांच्या हिताची चर्चा अशक्य झाली. तेव्हा ‘समितीचं काम पूर्ण होईपर्यंत मुलांनी डबा मैदानात खावा’ असा तात्पुरता निर्णय झाला. चित्रकलेच्या सरांनी स्वतः पाटी रंगवली: ‘सावली समिती. विद्यार्थ्यांना प्रवेश नाही.’ अक्षर असं देखणं आलं होतं की मुलंसुद्धा उन्हात उभी राहून वाचत.

रात्री जेवताना बारकीने विचारलं, “बाबा, आम्ही झाडाखाली कधी बसायचं?”

“समितीचं काम संपलं की.”

“पण समितीचं काम काय आहे?”

“तुम्हाला सावली मिळवून द्यायची.”

बारकीने घास तोंडातच धरून थोडा वेळ विचार केला. “मग तुम्ही उठलात तर?”

“जेव मुकाट्यानं,” सर म्हणाले. मुलांना प्रशासनातलं कळत नाही, हे खरंच आहे. सरांना मात्र त्या दिवशी दुसरी पोळी गेली नाही.

समितीने पाहणी केली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांनी सावली हवी असं सांगितलं. उरलेल्या दोघांना प्रश्न नीट ऐकू गेला नाही, कारण ती घेरी येऊन बसली होती. त्यांची मतं तटस्थ धरण्यात आली. मग अभ्यासदौरा निघाला, तो भिंतीपलीकडे कॅफेत. तिथे छत्रीखाली बसून गार कॉफी पिताना सगळ्या समितीला सावलीचं महत्त्व मनापासून पटलं, आणि ते पूर्ण पटावं म्हणून दौरा पुन्हा काढावा लागला.

“पण एक सांगतो,” कॅफेवाला आवाज खाली आणून म्हणाला, “सावली हे प्रकरण धोक्याचं आहे. माणूस एकदा बसला की उठत नाही हो. एका कॉफीवर लोक अख्खी दुपार काढतात. म्हणून मी खुर्च्या अशा आणल्यात, की पाठ टेकली की लगेच घरची आठवण यावी.”

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. मुलांना मैदानात बरं वाटायला लागलं तर ती वर्गात कशाला येतील? तेव्हा सावली ‘सुखद असावी, परंतु सोयीची नसावी’ असं सर्वानुमते ठरलं.

मैदानावर कापडी छत बांधायचं ठरलं, पण ते नेमकं कुठे उभारायचं, तो प्रश्न आला. त्यासाठी मैदानात उतरून मोजमाप घेणं आवश्यक होतं, आणि दिवसा मैदानात उतरणं शक्यच नव्हतं, कारण तिथे फार ऊन असे. म्हणून मोजमाप संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, उन्हं कलली की घ्यायचं ठरलं. कवायतीचे सर काठीला चादर बांधून भिंतीच्या कडेला उभे राहिले. चादरीची लांबलचक सावली पसरत बरोब्बर रांगांच्या जागेवर आली. चित्रकलेच्या सरांनी तिच्याभोवती खडूने सुंदर चौकोन आखला. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. इतकी अचूक सावली आपण आयुष्यात पाहिली नाही, असं ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

छत बांधणाऱ्या कारागिराने कापडाची हमी दिली, खांबांची दिली, दोरांचीही दिली. “सूर्याचं मात्र आपल्याकडे नसतं,” तो म्हणाला. बाई म्हणाल्या, ते आम्ही पाहून घेऊ.

भिंतीला लागून छत उभं राहिलं. निळं, ताणलेलं, डोळ्यांत भरणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं रांगेत उभी राहिली, बाईंनी सूचना उघडल्या, आणि सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. खडूच्या चौकोनात रणरणतं ऊन होतं. सावली भिंत ओलांडून पलीकडे, कॅफेच्या अंगणात, गिऱ्हाइकांच्या टेबलांवर पडली होती. दुपारी ती सरकत सरकत आली आणि भिंतीच्या अलीकडे उभ्या असलेल्या मोठ्या बाईंच्या गाडीवर स्थिरावली. संध्याकाळी, शाळा रिकामी झाल्यावर, ती अगदी ठरल्याप्रमाणे चौकोनात येऊन बसली.

झाडाखाली तातडीची बैठक भरली. छत हलवावं, असं चित्रकलेचे सर चाचरत म्हणाले. पण छत मंजूर जागेवर होतं. नामंजूर जागी होता तो सूर्य. कवायतीच्या सरांनी शाळाच संध्याकाळी भरवण्याचा उपाय सुचवला, तो पालकांनी हाणून पाडला. शेवटी मोठ्या बाईंनी समजूत काढली. “हे बघा, सावली झाली की नाही? झाली. कुठे पडते हा तपशिलाचा भाग आहे.”

कॅफेवाल्याचे मात्र डोळे भरून आले. शाळेचे उपकार कसे फेडू, असं तो म्हणाला, आणि आता गरज न उरलेल्या आपल्या छत्र्या त्याने शाळेला भेट दिल्या. झाडाच्या पानांतून अधूनमधून ऊन गळायचं आणि समितीच्या टेबलावर कवडसे पडायचे. त्या छत्र्या तिथे, झाडाखालीच, रोवण्यात आल्या.

उद्घाटन अर्थातच संध्याकाळी झालं. पाहुण्यांच्या खुर्च्या चौकोनात, मुलं चौकोनाबाहेर, उतरत्या उन्हाकडे तोंड करून. भाषणं इतकी रंगली की सूर्य मावळला आणि सगळ्या मैदानावर सारखीच सावली झाली. हा समितीच्या कामाचा अनपेक्षित लाभ म्हणून अहवालात नोंदवला गेला. काम झालं म्हणून समिती विसर्जित करावी, अशी कुणीतरी कुजबुज केली. पण सावलीची देखभाल कुणी करायची? समिती कायम झाली. पाटीवर आणखी एकदा रंगाचा हात मारला.

आणि मग ती सकाळ आली. रांगा सुटत होत्या. समिती झाडाखाली, छत्रीखाली, अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदावर अडली होती: ‘विद्यार्थी समाधानी आहेत’ की ‘अत्यंत समाधानी आहेत’? चित्रकलेच्या सरांनी मत द्यायला हात वर केला, आणि त्या हाताखालून त्यांना बारकी दिसली. पांढरीफटक. भेलकांडत ती झाडाच्या दिशेने येत होती. पाटीपाशी आली, थांबली, बाबांचं अक्षर तिने नीट वाचलं, आणि शहाण्या मुलीसारखी पाटीच्या अलीकडे, उन्हातच, मटकन खाली बसली.

सरांचा हात वरच राहिला. (इतिवृत्तात तो ‘अत्यंत’च्या बाजूने मोजला आहे.) मग ते उठले. खुर्ची उलटी पडली. त्यांनी पोरीला उचललं, आत आणलं, टेबलावरचा अहवाल ढकलून तिथे निजवलं आणि तिच्या तोंडावर पाणी मारता मारता लहान मुलासारखे रडायला लागले. “माझंच चुकलं गं,” ते म्हणत होते, “माझंच चुकलं.”

मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी बारकीला पाजलं, पदराने वारा घातला. ती डोळे उघडून बसल्यावर मग हळूच म्हणाल्या, “सर, तुमच्या भावना मी समजू शकते. पण एका मुलीला सावलीत घेतलं, तर उद्या सगळ्यांनाच घ्यावं लागेल.”

“मग घ्या ना!” सर म्हणाले.

समिती सुन्न झाली. इतक्या बैठका झाल्या, पण अशी सूचना आजवर कुणीच मांडली नव्हती. कवायतीच्या सरांनी ‘विषयाबाहेरील’ असा शेरा मारला. ग्रंथपाल बाई हळहळल्या, आणि हळहळतच त्यांनी सरांना समितीतून कमी करण्याच्या ठरावाला अनुमोदन दिलं.

आता चित्रकलेचे सर रोज सकाळी रांगेत असतात. पहिल्या दिवशी ते छत्री घेऊन आले होते. ती ‘विनापरवाना सावली’ म्हणून जप्त झाली. तेव्हापासून ते चौथीच्या रांगेशी, सूर्याच्या आणि बारकीच्या मधे, नुसते उभे राहतात. अंगाने भरलेले असल्यामुळे त्यांच्या सावलीत बारकी मावते, आणि तिच्या मागच्या दोघीही थोड्या वाकून मावतात. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. बारकी मधूनच विचारते, “बाबा, दमलात?” ते मान हलवतात, पण जपून, सावली हलू नये म्हणून. समितीने या प्रयोगाचा अभ्यास केला. सगळे शिक्षक असे उभे राहिले तर निम्म्या शाळेला सावली मिळू शकते, असं आढळलं. परंतु त्यामुळे शिक्षकांना ऊन लागेल, म्हणून प्रस्ताव बारगळला.

चौथीची ही रांग त्या शाळेत अजूनही तशीच रोज उभी असते. आणि सरांच्या जाण्याने समितीत एक जागा रिकामी झालेली आहे. ती भरायची, तर माणूस संवेदनशील हवा. बारकीची हकिगत वाचून ज्याच्या जिवाची खरोखर तगमग झाली, बाईंचा ज्याला संताप आला, असा. म्हणजे तुमच्यासारखाच. काम फारसं नाही. झाडाखाली बसायचं, डोक्यावर छत्रीही आहे, वारा चांगला येतो, आणि तिथून मैदानातली मुलं अगदी स्पष्ट दिसतात, त्यामुळे हळहळायलाही सोयीचं पडतं.

खुर्ची? हो, हातांची आहे. गादीसुद्धा आहे. या ना, बसा.