तांबड्याशेजारचा हिरवा

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या इमारतीत नरसय्यामामा कुणालाही सरळ आत सोडत नाहीत. "थांबा की. आदी भिंत बघा, मग जावा." मामा आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई, पण रुबाब असा की इमारत त्यांच्याच नावावर असावी. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही त्यांनी अडवलं. "अहो, मी परीक्षक आहे," ते म्हणाले. "व्हय की. मग नीट तपासून बघा," मामा म्हणाले.

भिंत आहेच तशी. वळणदार, मातीच्या रंगाची, आणि तिच्यावर चकचकीत फरश्यांच्या तुकड्यांनी जडवलेला लोलक. त्यातून सात रंगांचे पट्टे निघतात. सकाळी अकराच्या सुमारास समोरच्या जाळीतून ऊन आत येतं आणि ते रंग फिके होऊन जमिनीवर उतरतात. तेव्हा तिथून जाताना उथळ पाण्यातून चालल्यासारखं वाटतं. तास घ्यायचाय हे मी खरंच विसरतो.

भानगड एकच. तांबड्याशेजारी हिरवा! प्रकाश शिकवणाऱ्यांच्या दारातच इंद्रधनुष्य चुकलेलं. मी तसं म्हटलं की मामांचं ठरलेलं उत्तर, "सर, सोलापुरात ऱ्हाता आन् चादरीचा काठ बघितला न्हाय? तांबड्याला हिरवाच शोभतो." यावर विज्ञान काय बोलणार!

यंदा तपासणीला समिती येणार होती. चूक काढण्यात मीच पुढे, म्हणून ते पट्टे फोडून नव्याने लावून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. गवंडी सोमवारी येणार होता. शनिवारी मी मामांना सांगितलं. वाटलं, आता कडाकडा भांडतील. पण ते बादली आणून हिरवा पट्टा ओल्या फडक्याने पुसू लागले.

"आमच्या रत्नव्वानं लावलाय ह्यो," पाठमोरेच म्हणाले. रत्नव्वा म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. "चादरीचा कारखाना बंद पडला, तवा हितं ह्या भिंतीच्या कामाला आलती. चित्रकारानं रंगांची नावं कागदावर लिहून दिल्ती. हिला वाचाय कुटं येतंय? जल्मभर चादरी इनलेली बाई. काठ आठवला, तसं लावत गेली. लई खूश होती वो."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

मामांनी फडकं पिळलं. "सर, एक विचारू? गवंड्याचा हात जड असतो. मी काढू का? एकेक तुकडा."

मी तिथल्या तिथे गवंड्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. विभागप्रमुखांना काय सांगायचं, ते सोमवारी बघू.