पाहुणा मजकूर

नारिन गावच्या बुरमाकान आपांच्या वाचनयंत्रात त्यांचे दिवंगत पती कोबोगेन दाखल झाले, तेव्हा यंत्राने त्यांची नोंद 'पाहुणा मजकूर' अशी केली.

आपांना बरं वाटलं. कोबोगेनचं घोड्यांवरचं पुस्तक जुन्या सरकारी छापखान्यातलं. कागदाचा पापड झालेला, आपांची नजरही गेलेली. नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला अक्षरं मोठी करून वाचता यावं, म्हणून लेकीने ते यंत्रात घातलं होतं.

पूर्वी तंबूत दारासमोरची मानाची बैठक पाहुण्याची असायची. यंत्रात उलटं. तिथे कंपनीची पुस्तकं बसलेली आणि कोबोगेन खाली जोड्यांपाशी, मुखपृष्ठाविना. अक्षरं मोठी करायची सोय फक्त कंपनीच्या घरच्या पुस्तकांना.

आपांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"आपा, पुस्तक आमच्या दुकानातून घेतलंत का?" तिथल्या दानियारने विचारलं.

"अरे, लेखक माझ्या चुलीशी बसून लिहायचा. दुकानात कशाला जाऊ?"

"म्हणजे मूळ अज्ञात."

"अज्ञात? सात पिढ्या सांगते, लिही!" आपांनी नवऱ्याचे सातही पूर्वज एका दमात म्हणून दाखवले. ज्याला तेवढे येत नाहीत, तो आमच्यात पोरकाच.

दानियारने अदबीने ऐकून घेतलं. "पण नियमाने पुस्तकाची वंशावळ लागते, आपा. प्रकाशकाची संमती?"

"प्रकाशक म्हणजे आमचा जुना देशच होता. वारला."

"वारसांची चालेल."

"पंधरा देश आहेत. बरेचसे एकमेकांशी बोलत नाहीत."

"ठीक. तुमच्याच सुरक्षिततेसाठी प्रकरण वर पाठवतो."

जेवणाच्या दिवशी सकाळी यंत्राने स्वतःला सुधारून घेतलं. 'अनोळखी पाहुण्यास सन्मानाने निरोप दिला आहे.' खाली शिफारस: 'पाहुणचार कसा करावा', आज सवलतीत.

"मेल्यांनो, उपाशी पाहुण्याला कुणी घालवतं का?" आपा फोनवर कडाडल्या.

"अटींमध्ये होतं, आपा. तुम्ही 'मान्य' दाबलंत."

"एवढं सगळं कोण वाचतं?"

"कुणीच नाही," दानियार हळूच म्हणाला. "मीसुद्धा नाही."

आपांनी यंत्र जोड्यांपाशी ठेवलं आणि जुनं पुस्तक मानाच्या बैठकीवर. सुटी पानं हातोहात फिरली. ज्याला दिसत होतं त्याने मोठ्याने वाचलं. वाचनात कोबोगेनची म्हातारी घोडी आली तेव्हा चहा गार झाला, कुणी पेल्याला हात लावला नाही. असं पुस्तक टिकलंच पाहिजे, म्हणत सगळ्यांनी पानांचे फोटो काढून आपापल्या यंत्रांत घातले.

यंत्रांनी नव्या अटी पुढे केल्या. वाचनवेड्या मंडळींनी एकही ओळ न वाचता 'मान्य' दाबलं.

हसू नका. आज सकाळी तुम्हीही कुठेतरी दाबलंच असेल.