बिनकामाची हिरवी तार

करडीच्या राईस मिलमध्ये धान वाळवायच्या यंत्राला भुपेंद्रनं कॉम्प्युटर जोडला, आणि काल संध्याकाळी त्याची रीतसर पूजाही झाली. धानाचं तापमान पडद्यावर दिसणार, ते फार वाढलं की यंत्र आपोआप थांबणार. आज चाचणी. दिवसभर नीट चाललं तर मालक पुंडलिकराव ते ठेवणार, नाहीतर कॉम्प्युटर आणि भुपेंद्र दोघांनाही वरठी स्टेशनवरून परतीच्या गाडीत बसवणार. भुपेंद्रचं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं.

सकाळपासून आकडा चाळीसवरून सत्तरवर उड्या मारत होता आणि यंत्र सारखं बंद पडत होतं. धान मात्र हाताला कोमटच लागत होतं. पुंडलिकरावांनी कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला आणि टुणकन मागे उडाले.

"अबे, हे चावून राहिलं ना!"

"काही नाही चावत, काका." भुपेंद्रनं पेटीवर ऐटीत हात ठेवला. "भास झाला तुम्हाले."

मिलमधल्या नत्थूनंही बोट लावलं. "अगा माय! मालक, मलेही भास झाला!"

"शिकलेल्या माणसाले होत नाही तो," भुपेंद्र म्हणाला.

पुंडलिकरावांची नजर त्याच्या पायांवर गेली. कालच पूजा झालेली खोली म्हणून सगळे अनवाणी, हा एकटा जाड रबरी बुटांत. "आधी जोडे काढ. मंग लाव हात."

भुपेंद्रनं बूट काढले, हात लावला आणि किंचाळत धानाच्या पोत्यावर जाऊन बसला. शिक्षण काही कामी आलं नाही.

"अर्थिंग!" तो ओरडला. मेन स्विच बंद करून पाहतो तर पेटीपासून जमिनीत जाणारी हिरवी तार गायब! खोलीच्या आतबाहेर अर्धा तास शोध चालला.

"नत्थूभाऊ, तार कोणी काढली?"

"म्याच. तुम्हीच तं सांगितलं, हिरव्या तारेत करंट राहत नाही. म्हटलं, बिनकामाची तार कायले ठेवा?"

"मंग गेली कुठं?"

नत्थूनं दाराकडे बोट केलं. आंब्याच्या पानांचं तोरण हिरव्या तारेत छान ओवलेलं होतं. सगळे तिच्याच खालून ये-जा करत होते.

तार जागेवर गेली, आकडा चाळीसवर बसला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. पुंडलिकराव यंत्र ठेवायला तयार झाले. भुपेंद्रचा जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाजही चढला. "नत्थूभाऊ, डोळे उघडे ठेवून काम करत जा!"

पुंडलिकरावांनी मोबाईल पुढे केला. भुपेंद्रनंच काल पाठवलेला पूजेचा फोटो होता. हिरव्या तारेच्या तोरणाखाली तो हाताची घडी घालून उभा, आणि खाली लिहिलेलं: 'सगळ्या तारा जागेवर आहेत. स्वतः तपासल्या.'